मोरी कोणामुळे तुंबते

माझे सासरे टकले आहेत आणि जन्मभर त्यांनी लोकांचे केस कापले. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला याव्यात याची गिऱ्हाइकांना फार मौज वाटायची. "नाना, आमचे कापता कापता स्वतःचेही उरकून टाकलेत वाटतं," असं कोणीतरी खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणायचं. नाना आरशातून त्याच्याकडे बघत शांतपणे सांगायचे, "हलू नका. कान माझ्या हातात आहे." मग तो माणूस हलायचा नाही आणि बोलायचाही नाही.

दुकानात त्यांचा शब्द चालायचा. घरी मात्र त्यांना कोणी विचारत नव्हतं. स्वयंपाकघर सासूबाईंचं, रेडिओ नणंदेचा, गॅलरी माझ्या नवऱ्याच्या कुंड्यांची. नानांच्या ताब्यात एकच खातं उरलं होतं, ते म्हणजे बाथरूमची मोरी. ते खातं त्यांनी असं सांभाळलं, जसं काही त्यांची नेमणूकच झाली होती.

दुकानाला सुट्टी असली की सकाळचा चहा घेऊन ते बनियनवर, जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, प्लास्टिकचं स्टूल उचलून बाथरूममध्ये शिरायचे. दारामागच्या खिळ्याला त्यांचा आकडा टांगलेला असायचा. कोटाच्या हँगरची तार सरळ करून तिचं टोक पक्कडीने वाकवलेलं, एवढाच तो आकडा. पण त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. एकदा माझ्या नवऱ्याने त्या आकड्याने बेसिनमध्ये पडलेलं टूथपेस्टचं झाकण काढलं, तर नाना दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत.

जाळी उचकटायची, आकडा आत सोडायचा, मनगट हळूहळू फिरवायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. डोळे कशाला मिटता, असं मी विचारलं होतं. "आत अंधार आहे, उघडे ठेवून उपयोग काय?" असं उत्तर मिळालं. मग काहीतरी लागायचं. नानांच्या कपाळाला आठी पडायची आणि ते मोठ्या सावकाशीने तार वर ओढायचे. तिच्या टोकाला साबणाने लडबडलेला, काळा, ओला, लोंबणारा गुंता असायचा. आपण बघितला तर जेवण जाणार नाही, पण नानांचा चेहरा उजळायचा. "या बघायला!" अशी हाक यायची, आणि घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून जायचं, असा नियमच होता.

पॅसेजमध्ये जुना पेपर पसरलेला असायचा. त्यावर तो गुंता ठेवून नाना कंगव्याच्या शेपटीने तो सोडवत बसायचे आणि पंचनामा सुरू व्हायचा. "ही तुमची आई. मुळाशी जाड, टोकाला बारीक. रागही तिचा तसाच, सुरुवातीलाच काय तो." सासूबाई नाक मुरडून आत निघून जायच्या. "ही धाकटी. टोकं फुटलीत. तेलाची बाटली हिला दिसत नाही." नणंद म्हणायची, "बाबा, शी!" आणि शेवटी ते एक लांबलचक केस दोन बोटांत धरून वर उचलायचे, हात डोक्याच्याही वर जायचा, तरी त्याचं टोक पेपरवरच असायचं. "आणि या आमच्या सूनबाई."

सगळे हसायचे. सुरुवातीला मीही हसायचे.

त्यानंतर मोरीत खाण्याचा सोडा, त्यावर व्हिनेगर, फसफसणं थांबलं की किटलीभर कढत पाणी. ॲसिडची बाटली त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "ॲसिड पाइपही खातं आणि हातही," म्हणायचे. नानांच्या बऱ्याचशा मतांना मी आयुष्यभर विरोध केला, पण हे मत मी माझ्या मुलीलाही जसंच्या तसं सांगितलं आहे.

माझे केस तेव्हा कमरेच्या खाली येत होते. मला ते आवडायचे. त्यात काही मोठं कारण नव्हतं, आरशात बघितलं की बरं वाटायचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळंच नवं होतं: खोली, अंथरूण, चहाचा कप, लोकांच्या उठण्याझोपण्याच्या वेळा, अगदी नावसुद्धा. रात्री वेणी सोडून पुढे घेतली की तेवढीच एक गोष्ट हाताला ओळखीची लागायची. ती गोष्ट दर सुट्टीच्या दिवशी पेपरवर पसरून चार लोकांत दाखवली जाते, हे हळूहळू मला बोचायला लागलं.

त्यातून माझं नशीब असं, की मी आले आणि मोरी खरंच जास्त तुंबायला लागली. पूर्वी नाना सुट्टीच्या दिवशी उपसा करायचे तो सवयीने, पाणी तसं जातच असायचं. आता आठवडा अर्धा झाला नाही तोच आंघोळ करताना घोट्यापर्यंत पाणी चढायला लागलं. साबणाची वडी तरंगत दारापर्यंत यायची. सासूबाई स्पष्ट काही बोलायच्या नाहीत, पण "आधी असं नव्हतं हो," असं हवेत कुठेतरी बघून म्हणायच्या. शेजारीणही कधी आली तर बाथरूमकडे आणि मग माझ्या वेणीकडे बघायची. संशय नानांवर घ्यायची तर सोयच नव्हती. डोक्यावरून तळहात फिरवत ते म्हणायचे, "इथे एक केस दाखवा आणि मग माझं नाव घ्या."

त्याच सुमारास दुकानात विजेवर चालणारं मशीन आलं होतं. माझ्या नवऱ्याने लग्नाच्या आनंदात वडिलांना भेट दिलं होतं. नाना त्यावर इतके खूश, की जिथे कात्रीने भागलं असतं तिथेही ते मशीन चालवायचे. "लोण्यातून सुरी जावी तसं जातं," असं घरी येऊन सांगायचे. दुकानातून आले की कोणाशी न बोलता, कुठे न टेकता ते थेट आंघोळीला जायचे आणि दुकानातला शर्टही तिथेच बादलीत खंगाळून टाकायचे. सासूबाई दारातून ओरडायच्या, "अहो, आधी बाहेर झटका तरी!" नाना शर्टाकडे बघायचे. "काय झटकू? आहे कुठे काय?"

मी शक्य ते सगळं करून पाहिलं. गॅलरीत पेपर अंथरून त्यावर केस विंचरायला लागले. गळालेले केस गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. आंघोळीला जाताना अंबाडा घट्ट बांधून. शेवटी नवऱ्याच्या फाटक्या मोज्याचा तुकडा कापून मी मोरीच्या जाळीवर घट्ट बसवला, म्हणजे चुकून एखादा केस पडला तरी वरच अडकेल. संध्याकाळी नाना आंघोळीला गेले की मात्र तो मोजा काढून कोपऱ्यात ठेवायचे. पाणी हळू जातं म्हणायचे. "आणि माझा त्याच्याशी संबंध काय?"

आता आकड्याला काही लागेनासं झालं. पेपर पसरलेला, आम्ही सगळे उभे, आणि तार कोरडी ठणठणीत वर यायची. मला वाटलं, सुटले. पण मोरी तुंबायची ती तुंबायचीच, आणि नानांकडे त्यालाही उत्तर तयार होतं. "तुझे आधीचे केस आत खोल गेलेत. आता ते निघायचे नाहीत." केस सापडले तरी माझे आणि नाही सापडले तरी माझेच. अशा माणसाशी वाद काय घालणार?

मग एक दिवस कहर झाला. नणंद कपडे धूत होती आणि पाणी बाथरूमचा उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं. तिथे नानांनी दुकानात न्यायचं गाठोडं ठेवलं होतं, धुऊन इस्त्री केलेली पांढरी कापडं, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची. नानांना त्या कापडांचा भारी अभिमान. घडीवर घडी बसायला हवी, डाग नको, सुरकुती नको. ते गाठोडं त्या राखाडी साबणी पाण्यात भिजून बसलं होतं. नाना दुपारी जेवायला आले, त्यांनी ते उचललं, पाणी टपटपू दिलं, आणि थट्टेचा एक शब्द न काढता माझ्याकडे वळले.

"आता पुरे झालं. येत्या सुट्टीला तुझे केस खांद्यापर्यंत करून टाकतो. घरचाच माणूस कापणार आहे, भिण्यासारखं काही नाही."

कोणी हसलं नाही. पण कोणी "नको" असंही म्हणालं नाही, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटलं. रात्री नवरा म्हणाला, "केसच तर आहेत. परत येतील." मी भिंतीकडे तोंड करून पडले. मला रडूही येत होतं आणि त्याच्या कुंड्या गॅलरीतून खाली लोटून द्याव्यात असंही वाटत होतं.

सकाळी भाजी निवडताना सासूबाईंनी विचारलं, "तुला कापायचेत का?"

"नाही."

"मग तसं सांग त्यांना."

"सांगून मोरी मोकळी होणार आहे का, आई? त्यापेक्षा कापूनच टाकू देत. नंतर तुंबली म्हणजे कोणाचं नाव घेताय ते मी बघते."

सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "डोकं तुझंही तापतं म्हणायचं," म्हणाल्या. मला वाटतं, त्या घरात मी त्यांना आवडायला लागले ती त्या दिवसापासून.

सुट्टीचा दिवस आला. नानांनी सकाळी नेहमीप्रमाणे आकडा घातला, तो रिकामा आला, सोडा आणि व्हिनेगर झालं, किटली ओतली. मग पॅसेजमध्ये खुर्ची मांडली. मी बसले. त्यांनी पांढरं कापड हवेत फटकन झटकलं आणि माझ्या गळ्याभोवती बांधलं. मी हनुवटी वर ठेवली होती. नणंद दाराला टेकून उभी होती आणि नवरा, शहाणा, कुंड्यांना पाणी घालत होता.

नानांनी वेणी सोडली. कंगवा घेतला. आणि ते नुसते विंचरत राहिले. एरवी त्यांची कात्री कंगव्याच्या आधी बोलायला लागायची. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ओले करून घे. कोरडे केस मी कापत नाही."

मी बाथरूममध्ये जाऊन डोक्यावर तांबे ओतले. एक, दोन, असे ओतत गेले आणि पायाला गार लागलं म्हणून खाली बघितलं, तर पाणी घोट्याशी. नुकताच सगळा सोपस्कार झालेला, आणि पाणी तसंच.

"नाना, पाणी जात नाहीये."

"अजून कापले कुठेत? म्हणून," बाहेरून आवाज आला. पण पाठोपाठ ते आकडा घेऊन आलेच. आकडा घातला, फिरवला, डोळे मिटले. रिकामा. पुन्हा घातला, रिकामा. आता त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. तिसऱ्यांदा रिकामी तार वर आली तेव्हा मी भिंतीशी उभी होते, केसांतून पाणी निथळत होतं आणि डोक्यात मात्र जाळ झाला होता.

"नाना, आकडा राहू द्या. हात घाला."

"कुठे?"

"तळाला."

मोरीच्या जाळीखाली एक खोलगट भांडं असतं. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. नाना आकडा नेहमी त्या भांड्याच्या कडेने सरळ पाइपात घालायचे. तळाशी काय बसलंय ते कधी कोणी पाहिलंच नव्हतं. गाळ असेल, असं ते म्हणायचे. आता त्यांनी मला दाखवून द्यायचं म्हणून तावातावाने हात आत घातला. आणि त्यांचा चेहरा बदलला.

त्यांनी जे बाहेर काढलं ते केसांसारखं दिसतच नव्हतं. काळपट करड्या रंगाचा, घट्ट, मऊ गोळा, जुन्या लोकरी टोपीचा तुकडा असावा तसा. त्यांनी तो पेपरवर ठेवला. या वेळी "या बघायला" अशी हाक आली नाही, तरी आम्ही तिघी आलो. सासूबाई हाताचं पीठ तसंच घेऊन आल्या. नानांनी कंगव्याच्या शेपटीने गोळा फोडला. आत सगळे केस होते. बारीक, भुग्यासारखे. नखापेक्षा लांब एकही नव्हता.



"बोला ना," सासूबाई म्हणाल्या. "एरवी बोलता की. हे कोण?"

नाना खाली वाकले. त्यांचा स्वभावच आडवा आला बिचाऱ्यांच्या. केस समोर असताना ते ओळखायचे नाहीत हे त्यांना जमणारच नव्हतं. "हे राठ आहेत ते पोस्टमास्तर," ते हळूच म्हणाले.

"आणि हे लालसर?"

"ड्रॉइंगचे मास्तर. कलप लावतात."

"हे पांढरे?"

"बेकरीवाला." त्यांनी कंगवा आणखी खाली घातला. "हे कुरळे म्हणजे... बेकरीवाल्याचा भाऊ."

नणंद हसून हसून जमिनीवर बसली. "म्हणजे वहिनी एकटी नाही हो, बाबा! अख्खी गल्ली आपल्याकडे आंघोळीला येते!"

नाना आपल्या हातांकडे बघत होते. कोपराच्या घडीत, बनियनच्या काठाला, मनगटाच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली, सगळीकडे ते बारीक केस चिकटलेले होते. आम्हाला ते रोज दिसायचे. त्यांना दिसत नव्हते, कारण जन्म त्यांच्यातच उभं राहण्यात गेला होता. डोक्यावर आहे तोवर केस. कापून खाली पडला की त्यांच्या लेखी तो केर, आणि केर दुकानातच राहतो अशी त्यांची पक्की समजूत. मशीन आल्यापासून तो केर पिठासारखा त्यांच्या अंगावर बसत होता आणि रोज संध्याकाळी आमच्या मोरीत उतरत होता.

"अहो," सासूबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "खुर्ची मांडलीच आहे. मग आता कोणाचे कापायचे?"

सवयीने नानांचा तळहात डोक्यावर गेला. "इथे एक केस दाखवा आणि..." ते म्हणाले, आणि मधेच थांबले.

त्यानंतर असं हसू फुटलं, की गॅलरीतून माझा नवरासुद्धा धावत आला. सासूबाई डोळे पुसत होत्या आणि पीठ गालभर लागत होतं. मीही हसले. पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसले. फक्त नाना हसत नव्हते. त्यांनी पेपर गुंडाळला, हात साबणाने दोनदा धुतले आणि मला म्हणाले, "बस."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी खुर्चीत बसले. त्यांनी कात्री उचलली, खिडकीत ठेवून दिली आणि टॉवेल घेतला. माझे केस त्यांनी दाबून दाबून कोरडे केले. मग टोकांपासून सुरुवात करून, वरून मुठीत धरून, एक केस ओढला जाणार नाही अशा बेताने विंचरले. कोणी माझे केस विंचरले त्याला किती काळ झाला होता. मला भरून आलं, ते मी लपवलंही नाही.

"वेणी मला घालता येत नाही," ते पाठीमागून म्हणाले. "कधी शिकलोच नाही. आमच्याकडे येईल ते कमीच करायचं असतं." आणि थोडं थांबून, "फुकट आळ घेतला तुझ्यावर."

वेणी सासूबाईंनी घातली, पिठाचे हात धुऊन. नानांनी माझ्या गळ्याचं कापड सोडलं आणि सवयीने फटकन झटकलं. त्यातून काहीच पडलं नाही. ते जरा वेळ जमिनीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून नाना दुकान बंद करताना गिऱ्हाइकाला झाडतात तसे स्वतःला ब्रशने झाडायला लागले, मानेला पावडर लावून. एक शर्ट दुकानातच ठेवला. घरी आले की दारात उभे राहून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचे आणि सासूबाईंनी "या" म्हटल्यावरच आत यायचे. जाळीवरचा मोजा आता तेच बसवायचे. मोरी शहाण्यासारखी वागायला लागली. दुकानात ही गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली, आणि वर पोस्टमास्तरांना दम भरला, "माझ्या घरात पाणी तुंबवता काय?"

आता दुकान नाही. नानांचे हात थोडे थरथरतात, त्यामुळे दाढीसुद्धा माझा नवरा करून देतो. कान त्याच्या हातात आल्यावर नाना गप्प बसतात. सासूबाई गेल्या. नणंद आपल्या घरी आहे. बाथरूमला नव्या फरशा बसल्या, पण दारामागे खिळा आहे आणि खिळ्याला आकडा आहे. माझी वेणी अजून कमरेपर्यंत येते, बरीचशी पांढरी झालीय आणि हल्ली केस भारी गळतात. मोजा बसवायचा मला कंटाळा येतो. व्हायचं तेच झालं, परवा मोरी तुंबली.

नाना स्टूल घेऊन आत गेले. मी जवळ उभी राहिले, त्यांचा तोल जाऊ नये म्हणून. त्यांनी डोळे मिटले, मनगट फिरवलं. "या बघायला!" हाक आली, घरात मी एकटीच असताना. मी पेपर पसरला. त्यांनी गुंता सोडवला आणि एक केस दोन बोटांत धरून वर उचलला. अर्धा पांढरा, अर्धा काळा. हात पूर्वीसारखा डोक्याच्या वर जात नाही, म्हणून तो केस बराचसा पेपरवरच राहिला.

"कोणाचा?" मी विचारलं.

नानांनी तो केस उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, मग माझ्या वेणीकडे एकदा बघितलं.

"गिऱ्हाईक दिसतंय कोणीतरी," ते म्हणाले.

"दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, नाना."

"जुनं गिऱ्हाईक आहे. उशिरा निघालं," असं म्हणून त्यांनी पेपर गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.